दहानंतरचा शब्द

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! ताईनं मला रस्त्याकडेची खोली दिली आहे. खिडकीखाली टेबल, लोखंडी पलंग, दाराला आतून कडी, आणखी काय हवं? प्लास्टर परवाच निघालं. दीड महिन्यानं उजेडात आलेलं माझं उजवं मनगट बघून मलाच त्याची कीव आली. मुंगीला मात्र ते भलतंच आवडलं. मुंगी म्हणजे ताईची लेक, वय वर्षं चार, तोंडाला क्षणाची उसंत नाही. तिनं हातावर फुंकर घातली आणि हा हात आजपासून माझा असं जाहीर करून टाकलं. जेवतानासुद्धा सोडला नाही.

लिहिते मी डाव्या हातानं, म्हणून ही वही चालू आहे. पण कात्री उजव्यानंच धरते, कारण कात्र्या करणाऱ्यांना डावखुरी माणसं असतात हे ठाऊकच नाही. इथल्या कपड्यांच्या कारखान्यात मला कापणीचं काम मिळालंय, चोवीस तारखेपासून. कापडाचे दहा-दहा थर एका दमात कापायचे, आणि सध्या पाण्याचा पेला उचलताना ब्रह्मांड आठवतंय. तीन आठवडे आहेत हातात.

४ तारीख, मंगळवार

कोपऱ्यावरच्या जिममध्ये सकाळी नऊ ते दहा मोडक्यांचा तास असतो (नाव मी ठेवलेलं). डॉक्टरांनी बजावलंय, वजनं नाहीत, झटके नाहीत, दुखलं की थांबायचं आणि करायचं ते शिकवणाऱ्यासमोरच. या शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. साठीचे, बुटके, अंगाला पावडरचा वास.

त्यांनी आधी मनगट कोमट पाण्यात ठेवायला लावलं, मग हातात स्पंजचा बॉल दिला. ते एक ते दहा मोजतात. एकला बॉल नुसता धरायचा, मग आकड्यागणिक आवळत जायचं, दहाला सगळा जोर. त्यानंतर ते ‘सोडा’ म्हणतात आणि मूठ उघडायची. त्यांनी म्हटल्याशिवाय उघडायची नाही. असं पाच वेळा, की संपलं. अजून पाच करते म्हटलं, तर म्हणाले की हाडाला घाई कळत नाही. शहाणेच आहेत!

६ तारीख, गुरुवार

आज हसून हसून पुरेवाट झाली. गुडघा मोडलेले एक आजोबा येतात. मास्तरांनी त्यांचा पाय दहापर्यंत मोजून वर नेला आणि तेवढ्यात फोन आला म्हणून ते बाहेर गेले. चार मिनिटं आजोबा पाय हवेत धरून थरथरत होते. मी म्हटलं, अहो ठेवा की खाली, कोण बघतंय! त्यांनी ओशाळून सांगितलं की ठेवताच येत नाही. मास्तर धावत आले, सोडा म्हणाले, आणि पाय धपकन पडला. मास्तरांचा चेहरा मात्र हसण्यासारखा नव्हता.

१० तारीख, सोमवार

पाच वेळा, पाच वेळा, पाच वेळा! अशानं मी दिवाळखोर म्हातारी होईन तेव्हा कात्री धरेन. म्हणून आज एक युक्ती केली. मास्तरांचं मोजणं गुपचूप फोनवर टिपून घेतलं. घरी येऊन पुढचं-मागचं कापून टाकलं, अगदी बेतल्यासारखं, त्यातला तो ‘सोडा’सुद्धा, उगीच वेळ खातो. उरलं एक ते दहा. ते पुन्हा पुन्हा वाजत राहील असं लावून दिलं आणि दुपारभर बॉल आवळत बसले. किती झाले कुणास ठाऊक.

१३ तारीख, गुरुवार

पेला उचलला! भरलेला! मुंगीनं टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मूठ दाबून बघितली आणि घरी काही करता का म्हणून विचारलं. मी साफ नाही म्हटलं.

१५ तारीख, शनिवार

चहा पिताना कपाचा कान तुटला. हात आपोआप आवळत गेला होता. फोन बंद होता, तरी मनगटात तो ठेका स्पष्ट कळत होता. आठ, नऊ, दहा. मग सैल पडून पुन्हा एक. सैल म्हणजे उघडला नाही, नुसता धरून राहिला. तासाभरानं बोटं सुटली. ताईला पेटका वाटतोय. मलाही तसंच वाटू दे.

१७ तारीख, सोमवार

मास्तरांना सगळं सांगितलं. वाटलं रागावतील. ते मटकन बाकावर बसले आणि सोडा न म्हणता किती वेळा मोजलं एवढंच विचारलं. मी म्हटलं, चार दिवस, दुपारभर. त्यांनी माझी मूठ मांडीवर घेतली आणि सोडा म्हणाले. मूठ उघडली. मला रडूच फुटलं. दोन श्वास झाले असतील, ती पुन्हा मिटली. मोजलेल्या प्रत्येक दहाला एकेक सोडा द्यावा लागेल म्हणाले. दुपारपर्यंत देत होते. मग त्यांचा आवाज बसला. फोनवरचं मोजणं त्यांच्यासमोरच पुसून टाकलं. त्याचा उपयोग नाही हे दोघांनाही कळत होतं.

१८ तारीख, मंगळवार

मास्तर आले नाहीत. घशातून रक्त आलं म्हणे, महिनाभर बोलायची बंदी.

मी स्वतः सोडा म्हणून पाहिलं. ओरडून पाहिलं. विनवण्या केल्या. हात ऐकत नाही.

२० तारीख, गुरुवार

डॉक्टर खूश! हाड झकास जुळलंय, एवढी पकड त्यांनी पाहिली नाही. मी गयावया केली. कामाचं दडपण आहे म्हणाले, झोपेची गोळी दिली.

आता मोजणं संथ झालंय. एका आकड्यानंतर दुसरा यायला मिनिट लागतं, कधी जास्त. आणि जोर— दाराची मूठ वाकली. पितळेची होती.

२१ तारीख, शुक्रवार

ताईला हात जोडून सांगितलं— हात जोडले कसले, एकच जोडता येतो— की मुंगीला माझ्यापासून लांब ठेव. ती दुखावली. पोर तुझ्यावर जीव टाकते आणि तू असं बोलतेस, म्हणाली. मुंगी दाराबाहेर बसून रडत होती. तिला तिचा हात हवाय.

मुठीत गुंडाळलेला टॉवेल दिलाय. मनगट पलंगाच्या दांडीला बांधलंय, कापडाच्या पट्टीनं, दुहेरी गाठी. माझ्या गाठी सुटत नाहीत. कात्री, फोन लांब टेबलावर. दाराला कडी. फक्त जेवणापुरती ताई दाराच्या फटीतून सुरी घालून, दहा मिनिटं खटपट करून कडी सरकवते, गाठी कापून देते, मग मी पुन्हा कडी लावून बांधते. आता कुणाला काही होणार नाही.

२२ तारीख, शनिवार, दुपार

ताई बाजारात गेलीय. मुंगी शेजारी आहे असं तिला वाटतंय. मलाही वाटत होतं. गोळीनं डोळा लागला.

मुंगी पलंगाखाली लपली होती. मी कडी लावायच्या आधीपासून. टॉवेल काढून टाकलाय, आणि तिचा हात— सगळी बोटं— माझ्या मुठीत. हाताला डोकं टेकून झोपलीय.

मूठ आत्ता एकवर आहे. नुसती धरून.

डाव्या हातानं बोटं उकलून पाहिली. पेन मध्ये घातलं, मोडलं. पेन्सिलीनं लिहितेय. गाठी दातानं— नाही. हाका मारल्या, रस्त्यावर कुणी बघत नाही.

दोन.

ताई, मी मुद्दाम नाही केलं. एवढंच तुला कळावं म्हणून लिहितेय. मी कडी लावली ती तिच्यासाठीच. गाठीही.

चार. तीन कधी झाले?

मास्तरांसारखा आवाज काढून पाहिला. सोडा. सोडा. सोडा.

सहा. जागी झाली. हसतेय. तिला वाटतंय मी लाडानं धरलंय. मावशी, तुझा हात बरा झाला, म्हणतेय.

सात. मावशी, जरा हळू, म्हणतेय.

जिन्यावर ताईची पावलं. कडी— ताई, दार तोड— तो—

आठ. मुंगी माझ्याकडे बघतेय, अजून रडत नाही, ती वाट बघतेय की मी आता सोडे—