भट्टीतला उजेड

ऑर्हुस, ११ मार्च २०२४

प्रिय आस्गर,

तू, मेरेटे आणि मुलं-नातवंडं खुशाल असाल. माझं बरं चाललंय. नोव्हेंबरात खुब्याचं ऑपरेशन झालं, ते तुला नाताळच्या कार्डावर कळवायचं राहूनच गेलं. आता घरात काठीशिवाय फिरते. खालच्या मजल्यावरच्या क्रोग बाई रोज दारात सूप ठेवतात आणि मी ते संपवलं की नाही ते जिन्यात उभ्या राहून विचारतात. इथे अजून थंडी आहे, पण मागच्या अंगणात रुबार्बच्या कोंबांनी नाक वर काढलंय. तुमच्याकडे स्वानेकेत, बेटावर, वारा कसा आहे? तुझे गुडघे?

पत्र बघून तुला नवल वाटलं असेल. वर्षाकाठी चार ओळींचं कार्ड पाठवणारी बहीण एकदम एवढं पाकीट पाठवते, म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंही वाटलं असेल. तसं काही नाही.

इथल्या कलासंग्रहालयात सप्टेंबरमध्ये माझ्या कामाचं प्रदर्शन भरतंय. चाळीस वर्षांत सजवलेल्या खोल्या, खुर्च्या, दिवे, कच्ची रेखाटनं, सगळं. आनेमेटे नावाची एक मुलगी ते मांडणार आहे. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल, पण मला आता सगळ्या मुलीच वाटतात. आठवड्यातून दोनदा येते, माझ्या अडगळीच्या खोलीत जमिनीवर फतकल मारून बसते आणि खोक्यामागून खोकं उघडते. गाणं गुणगुणत काम करते. मला तिची सवय झाली आहे.

गेल्या मंगळवारी तिचं गुणगुणणं थांबलं.

मी दारात गेले. तिनं जमिनीवर फोटो मांडले होते. एकतीस. तू काढलेले, बाबांच्या भट्टीचे. प्रत्येकाच्या चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं.

"हे कुणी काढलेत?" तिनं विचारलं.

"असेल कुणीतरी गावाकडचा फोटोग्राफर," मी म्हटलं. आस्गर, हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मलाच धक्का बसला. बहात्तर वर्षांची बाई, पाय धड टेकवता येत नाही, आणि खोटं मात्र धावत येतं.

तिनं एक फोटो उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं, "आस्गर, स्वानेके, सप्टेंबर १९८४." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आस्गर कोण?"

मी कॉफी ठेवायला गेले. कॉफी व्हायला दहा मिनिटं लागतात, मी वीस लावली. परत आले आणि म्हटलं, "माझा धाकटा भाऊ."

तोवर तिनं फोटोंच्या शेजारी वेस्टरहॉल्मच्या लायब्ररीतल्या मुलांच्या खोलीचे माझे नकाशे पसरले होते. तिनं आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "सोल्वे, यात आणि त्यात फरक काय, तो मला समजावून सांगा."

तुला ती खोली माहीत आहे. मासिकात बघितली होतीस. डांबर लावलेल्या काळ्या लाकडी भिंती, त्यांत कमीजास्त उंचीवर अरुंद उभ्या फटी, आणि छतापासून लोंबणारे पातळ कापडाचे पडदे, ज्यांच्यावर उजेडाच्या पट्ट्या पडतात. त्या खोलीनं मला नाव दिलं. आजही कुठे भाषणाला गेले की तीच पहिली दाखवतात आणि विचारतात, "हे तुम्हाला सुचलं कुठून?" मी छत्तीस वर्षं सांगत आले की क्योटोच्या एका देवळात सुचलं. खरं सांगू? खोली बांधून झाली तेव्हा मी क्योटो पाहिलंही नव्हतं. तीन वर्षांनी गेले, आपलं खोटं निदान भूगोलात तरी बसावं म्हणून. देऊळ सुंदर होतं. माझ्या खोलीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

परवापासून मला सारखी बाबांची मासे धुरी देण्याची भट्टी आठवते. तुला आठवतं, आपल्याला आत जायला बंदी होती, आणि शाळेतून आलो की आपण पहिले तिथेच घुसायचो? सळ्यांवर ओळीनं टांगलेले हेरिंग मासे, सकाळी चांदीचे आणि दुपारपर्यंत सोन्याचे. ओल्या लाकडाचा तो गोडसर धूर. वारा बदलला की बाबा भिंतीतल्या फटींची झडपं उघडायचे नाहीतर लावायचे, एखाद्या वाद्याची भोकं बोटांनी दाबावीत तसे. आणि धुरात त्या फटींमधून ऊन आलं की उजेड हातात धरता येईल असा जाड व्हायचा. तू खरंच धरायला बघायचास. मूठ मिटून बाहेर पळायचास, उन्हात उघडायचास आणि रडायचास. मी हसायचे. आईनं आपल्या केसांतला तो वास काढायला दर शनिवारी किती साबण झिजवला! वर्गात माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. 'धुरकट सोल्वे' म्हणायचे. मी सतराव्या वर्षी बेट सोडलं ते त्या वासापासून लांब जायला.

म्हणून तुझा फोन आला तेव्हा मी तसं बोलले. हे कारण आहे, सबब नाही.

तू बोटीच्या धक्क्यावरून फोन केला होतास, पाठीमागे भोंगा वाजत होता. म्हणालास, "सोल्वे, मासिकात खोली बघितली. झकास आहे. बाबांच्या भट्टीचा वास येतोय."

आणि मी म्हटलं, "कुठली भट्टी?"

पुन्हा भोंगा वाजला. मग म्हणालास, "बरं. बोट सुटतेय." त्यानंतर फक्त कार्डं.

इथवर तुला माहीत आहे. आता जे माहीत नाही ते लिहिते, नाहीतर हे पत्रही नाताळच्या कार्डासारखंच होईल.

तू ते फोटो शहाऐंशीच्या जानेवारीत पाठवलेस तेव्हा सोबत चिठ्ठी होती. 'कोपनहेगनच्या शाळेत फोटोग्राफीला अर्ज करावा म्हणतो. तुझ्या ओळखीच्या जाणत्या माणसाला दाखव, खरं मत कळव.' मी कुणालाही दाखवले नाहीत. मी ते माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर टाचले. त्यांच्याकडे बघत मी ती खोली काढली, रेघ न् रेघ. उन्हाळ्यात तू विचारलंस तेव्हा मी कळवलं, 'दाखवले. बरे आहेत म्हणाले, पण फार काळोखी.'

ते वाक्य लिहिताना, आस्गर, फोटो माझ्या डोळ्यांसमोर होते. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात सुंदर काम ते होतं. तू शाळेत गेला असतास तर फोटो परत मागितले असतेस. जगाला दाखवले असतेस. म्हणून तसं लिहिलं.

तू अर्ज केला नाहीस. बोटीच्या इंजिनखोलीत कायमचा लागलास.

आनेमेटेला हे सगळं सांगितलं. ती म्हणते, फोटो नकाशांच्या बरोबरीनं लावायचे, तुझ्या नावानं. पण ते तुझे आहेत. तू नाही म्हणालास तर मी खोक्यासकट तुझ्याकडे पाठवीन, आणि ती खोलीही प्रदर्शनात राहणार नाही. काय ते कळव. न कळवलंस तरी मी समजेन.

मेरेटेला नमस्कार.

सोल्वे


स्वानेके, २ एप्रिल

सोल्वे,

पत्र मिळालं. मी तीनदा वाचलं. मेरेटेनं एकदाच वाचलं आणि म्हणाली, "आधी जेव, मग उत्तर लिही. उपाशी माणूस वाईट लिहितो." मी जेवलो. तरी दोन आठवडे लागले.

पहिलं म्हणजे, माझं सगळं आयुष्य तू बिघडवलंस असा मोठेपणा घेऊ नकोस. तुझी खोड आहे ती, घरातली प्रत्येक गोष्ट तुझ्यामुळे झाली असं समजायची. अर्ज करायला तुझी परवानगी लागत नव्हती, एक तिकीट लागत होतं आणि ते पोस्टात मिळत होतं. मी घाबरलो होतो. तुझं वाक्य आलं आणि मला खरं म्हणजे सुटल्यासारखं झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, मेरेटेलाही नाही. आता तिनं वाचलं माझ्या खांद्यावरून. "गाढवा," म्हणाली.

आणि इंजिनखोली वाईट नव्हती. तिथेही उजेड येतो.

दुसरं. 'काळोखी' म्हणालीस ते लागलं. आजही वाचताना लागलं. राग गेला असं समजू नकोस. पण त्याचेही गुडघे आता माझ्यासारखेच झालेत, फार लांब चालत नाही.

तिसरं तुला माहीत नाही. मी त्या खोलीत जाऊन आलोय. एक्क्याण्णव साली बोट दुरुस्तीला जटलंडला नेली होती, सुटी मिळाली, बस पकडून वेस्टरहॉल्मला गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, पण भांडायला भिंतच तेवढी होती. मुलांच्या बाकावर बसलो, गुडघे कानाला लागले. लायब्ररीतल्या बाई आल्या. "कुणाला न्यायला आलात?" म्हणाल्या. म्हटलं, "कुणालाच नाही." मग त्यांनी मला कॉफी दिली.

मी तासभर बसलो. तिथे मुलं आपोआप हळू बोलतात, तुझ्या लक्षात आलंय का? कुणी गप्प करत नाही तरी. आणि ते पडदे. फटी बाबांच्या, सोल्वे, उजेड माझ्या फोटोंतला, पण माझ्या फोटोंत धूर आपोआप होता. तुझ्याकडे धूर नव्हता. तू तो कापडाचा केलास. ते मला सुचलं नसतं. तिथे बसून तुझा राग करायचा मी खूप प्रयत्न केला, आणि येताना मुकाट्यानं बसमध्ये डोळे पुसत आलो. त्यानंतर चारदा गेलोय.

फोटोंचं मला काही नव्हतं. सलत होतं ते 'कुठली भट्टी?'. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, भट्टी पाडून तिथे सुटीतली घरं उठली होती. ती होती हे जाणणारे जगात आपण दोघंच उरलो होतो, आणि त्यांतली एक म्हणाली, कुठली.

तर माझं म्हणणं असं. फोटो लाव. खाली माझं नाव घाल. पण भट्टीच्या खाली बाबांचं नाव पाहिजे. होल्गर मॅसन, मासे धुरी देणारा, फटी त्याच्या हातच्या. मी त्यांना विचारून फोटो काढले नव्हते, त्यांनी कुणाला विचारून फटी पाडल्या होत्या कोण जाणे. वाऱ्याला, बहुतेक.

उद्घाटनाला येईन. भाषण करणार नाही. कोट जुनाच आहे.

आस्गर


ऑर्हुस, १९ सप्टेंबर २०२४

प्रिय आस्गर,

नीट पोचलास ना? बोट हलली म्हणून मेरेटेनं फोनवर सांगितलं. आयुष्यभर बोटीवर काढून तुला आता बोट लागते, हे ऐकून मी खूप वेळ एकटीच हसले.

शनिवारी उद्घाटनाच्या भाषणात मी क्योटोचं खोटं कबूल केलं तेव्हा तू कोटांच्या खुंट्यांपाशी उभा होतास, मला दिसत नव्हतास. मग पहिल्या रांगेतला तो टकला गृहस्थ फस्सकन हसला, आणि त्याच्या मागोमाग सगळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर कळलं, त्यानं चार वर्षांपूर्वी माझ्यावर लेख लिहिला होता. 'क्योटोची डॅनिश लेक' असं त्याचं नाव होतं. परवा एका वर्तमानपत्रानं लिहिलंय की माझी कीर्ती उसनी आहे. क्रोग बाईंनी ते कापून सुपाच्या झाकणावर ठेवलं, वर चिठ्ठी, 'आधी सूप प्या.' प्यायले. झोपही लागली.

पण मी लिहितेय ते कालचं सांगायला.

दुपारी संग्रहालयात गर्दी नव्हती. मी तिथे बाकावर बसले होते. एक म्हातारी आली, नव्वदीची असेल, नात हात धरून आणत होती. नात तिला लायब्ररीच्या खोलीच्या मोठ्या नमुन्याकडे न्यायला बघत होती, "आजी, हे बघ, हे प्रसिद्ध आहे." आजी तुझ्या फोटोपाशीच थांबली, तिसऱ्या, ज्यात सळ्या रिकाम्या आहेत आणि खालच्या झडपातून उजेडाचा एकच पट्टा येतोय. तिनं काचेवर बोट टेकवलं. पहारेकरी उठला, मी त्याला हातानं थांबवलं.

"ही होल्गरची," ती म्हणाली. "मी दोन उन्हाळे तिथे मासे साफ केलेत. हे खालचं झडप लागायचं नाही. वारा आला की होल्गर त्याला पाठ लावून उभा राहायचा. तसाच उभा राहून जेवायचा."

मला हे आठवतच नव्हतं. तुला आठवतं? बाबा उभ्यानं जेवायचे, आणि आपण समजायचो घाई आहे.

तिनं एकतीसच्या एकतीस फोटो बघितले. एकेकापाशी थांबून, नातीला माणसांची नावं सांगत, वारे सांगत, कुठल्या सालचा धूर कडू झाला होता तेही सांगत. मग दमली आणि निघून गेली. माझ्या खोलीकडे तिनं मान वळवूनही बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाकडे कुणी पाठ फिरवली आणि मला वाईट वाटलं नाही. तिच्या मागे जाऊन सांगावंसं वाटत होतं, हे माझ्या भावानं काढलेत. पाय चालला नाही, पण मी बाकावरूनच ओरडून सांगितलं. सगळे बघायला लागले. बघू देत.

स्टेशनवर तू विचारलंस, "आता काय करणार?" मी म्हटलं, "झोपणार." खरं तर मला वेगळंच बोलायचं होतं, आणि गाडी आली. मार्चमध्ये एवढं लांबलचक पत्र लिहिलं, त्यात सगळं होतं, तेवढं एक नव्हतं. माफ कर. इतके दिवस हा शब्द लिहायला जागा शोधत होते. त्याला जागा लागत नाही, हे आत्ता लिहिल्यावर कळलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे येते. रेखाटनाची वही आणत नाही. यापुढे डोळ्यांना काही सुंदर दिसलं, तर ते आधी तुला दाखवीन.

तुझी थोरली बहीण,
सोल्वे