डावरा कृमी

४ जानेवारी
आज अकरा मासे. प्रवाळातले, अगदी ताजे. मासेवाल्या मावशींनी बर्फात वेगळे काढून ठेवले होते. "तुझ्या किड्यांपायी गिऱ्हाईक परत पाठवलं बघ," म्हणाल्या. भलं होवो त्यांचं. कल्ले सुटे करून बशीत झटकले. चपटे कृमी निघाले सत्तावीस, तिळाएवढे. कल्ल्याला धरून ठेवणाऱ्या त्यांच्या चिमट्यांची रांग सगळ्यांची उजवीकडे. सरांचा तो डावरा — रांग डावीकडे असलेला, चाळीस वर्षांपूर्वी एकदाच सापडलेला — अजून हुलकावणी देतोय. सरांनी त्याला आपल्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, नाव दिलंय. आमच्या प्रयोगशाळेतून कधीच निवृत्त झालेले सर आता ऐंशीचे होतील. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरा मिळायलाच हवा.

९ जानेवारी
नाही.

१२ जानेवारी
ताडून बघायला सरांची जुनी काचपट्टी कपाटातून काढली. डावऱ्याची जगात ही एकच. घाईघाईत मायक्रोस्कोपखाली ठेवली तीच पालथी! वेंधळी कुठली. उचलणार, तेवढ्यात दिसलं — एरवी पुसट असणारं कृमीचं तोंड स्वच्छ समोर. आणि रांग उजवीकडे.
कृमी तोंड वर ठेवून लावायचा असतो; म्हणजे सरांनी तेव्हा तोच पालथा चिकटवला होता. डावरा म्हणून कुणी नाहीच.
मायक्रोस्कोपला डोळा लावायला ज्यांनी शिकवलं, त्यांनाच हे कसं दाखवू?

१३ जानेवारी
गप्प बसावं का? कुणाला कळतंय! — पण मग मावशी बिचाऱ्या मासे राखत राहणार, आणि मी नसलेलं शोधत राहणार.

१५ जानेवारी
गेले सरांकडे, काचपट्टी आणि मायक्रोस्कोप घेऊन. नुसतं "बघा" म्हटलं. सरांनी पट्टी आधी सुलटी पाहिली, मग उलटून पाहिली. मग म्हणाले, "पालथा लावला की गं मी."
आतून काकू, "म्हणजे माझ्या नावाचा किडा गेला? सुटले बाई. चाळीस वर्षं माशाच्या कल्ल्यात अडकले होते."
सर हसले. डोळे पुसले. "चूक छापायला हवी. मजकूर मी सांगतो, तू लिही."
केवढं ओझं उतरलं. काय पुण्य केलं होतं म्हणून मला अशी माणसं मिळाली!

२ फेब्रुवारी
लेखाचा मसुदा सरांकडून तपासून आला. वर दोन नावं. पहिलं माझं! नावाखाली हुद्द्याची जागा रिकामी. फोन केला. "आहे ते लिही," म्हणाले.
लिहिलं — काचसामान धुणारी.