आतून लागणारी कडी

बुधवार, रात्र. शाळेचा व्हरांडा.

दरड कोसळल्यापासून आमचं गाव या शाळेत आहे. बायका-मुलं वर्गांत, पुरुष व्हरांड्यात. वर्गांना कडी फक्त बाहेरून, म्हणून बायका रात्री पाळीपाळीने जागतात. आज आमच्या सरपंच मंदाताईंनी मला आतून कड्या बसवायला सांगितल्या. बसवल्या. सरळ बसल्यात, दोनदा तपासल्या.

पुरुष बघत उभे होते. गणेश म्हणाला, "कोनाला भ्यायचं रं? आमालाच काय?" सगळे हसले. मी काही बोलायला हवं होतं का? रोज माझ्या शेजारी झोपणाऱ्या गणेशने आज अंथरूण पलीकडे नेलं. जेवतानाही कोणी बोललं नाही. एवढ्याशा कडीसाठी?

आत्ताच मंदाताई आल्या होत्या.

"एकटा पडलास ना रं?"

"नाय ताई."

"माझा नवरापन सकाळपास्नं बोलत नाय. उद्या मोरीच्या दारालापन कडी लाव."

त्या वर्गात गेल्या आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मोरीचं दार पत्र्याचं आहे. त्याला नटबोल्ट लागतील.