जांभळ्या नोंदी आणि माझी निरवानिरव

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, चष्म्याच्या दुकानाचा मालक, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. काल डॉक्टरांनी मला तपासले. "हृदय घोड्याचं आहे तुमचं. आम्हाला सगळ्यांना पोचवून मग जाल," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे असेल, तरी मला घाई आहे. का, ते कलम चारमध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही; कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. दुकान आणि दुकानावरच्या दोन खोल्या ही माझी स्वकष्टाची मिळकत असून ती मी धाकट्या मुलीला देतो. थोरल्या मुलाला हे मान्य आहे, तसे त्याने तोंडावर सांगितले. सूनबाईंना मान्य नाही, हे त्या तोंडावर सांगत नाहीत. त्यांनी हे कलम सावकाश दोनदा वाचावे. काच घासण्याचे यंत्र, भिंगांची पेटी आणि सर्व हत्यारेही मुलीचीच. ती आता माझ्यापेक्षा सफाईने काच बसवते. यंत्राचा पट्टा उन्हाळ्यात सैल पडतो, तेव्हा तो घट्ट करावा. यंत्राला शिव्या देऊ नयेत.

कलम २. बँकेतील ठेव थोरल्याला. मेहुण्याने भिंतीला भोके पाडण्यासाठी नेलेले ड्रिल यंत्र मी मेहुण्यालाच देतो. तसेही ते परत येणार नाही. निदान मी दिले असे होईल.

कलम ३. आता ज्या वस्तू हातात धरता येत नाहीत त्यांविषयी. ही मालमत्ता होते का, असे वकिलांना विचारले तर ते नुसते हसले. म्हणून मीच ठरवतो.

माझ्या पत्नीला घरात सगळे 'मुकादम' म्हणत. कोणी कुठे, कधी, काय करायचे हे तिच्याशिवाय ठरत नसे. मुले परगावी गेली आणि तिचा हुकूम फोनवरून चालेनासा झाला, तेव्हा धाकटीने तिला इंटरनेटवरची फुकटची साधने शिकवली. महिन्याभरात गुरूची विद्या गुरूला! वीजबिले, जन्मदाखले, गिऱ्हाइकांचे नंबर, सगळे तिने एका सामाईक फोल्डरात चढवले. चौघांचे मिळून एक कॅलेंडर केले. थोरला निळा, धाकटी पिवळी, मी हिरवा आणि ती स्वतः जांभळी. "एक पैसा न देता एवढं सगळं!" असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मेहुणा म्हणायचा, "फुकट ते पौष्टिक! एक दिवस सगळं उडेल, मग बसा बोंबलत."

उडाले काहीच नाही. गेली ती. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या, हातात गिऱ्हाइकाची फ्रेम धरून.

ते फोल्डर दोन्ही मुलांचे. त्यातील काहीही कोणी पुसू नये.

कलम ४. ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी कॅलेंडरात जांभळ्या नोंदी दिसू लागल्या. 'पाण्याची टाकी धुणे.' 'ह्यांची रक्तदाबाची गोळी संपत आली.' मी थोरल्याला फोन केला.

"बाबा, आईने पूर्वीच लावून ठेवलं असेल. दर महिन्याला आपोआप येतं ते."

मला पटले. मग एके दिवशी नोंद आली : 'काळ्या फ्रेमच्या काचा उलटसुलट बसल्यात. द्यायच्या आधी बघा.' ती फ्रेम मी त्याच सकाळी तयार केली होती. उचलून पाहिली, तर उजवी काच डाव्या बाजूला. गिऱ्हाईक समोर उभे होते; त्याच्या देखत मी काचा काढून पुन्हा बसवल्या.

त्यानंतरची नोंद : 'धाकटीला फोन करा. आत्ता.' मी केला.

"बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं? तू आहेस कुठे?"

"बसस्टँडवर. पोराला घेऊन निघालेय. परत नाही जाणार त्या घरात. तुम्हाला कसं सांगू कळत नव्हतं, म्हणून नुसतीच बसून होते."

"सांगू नकोस. गाडीत बस," मी म्हणालो. संध्याकाळी ती आली. त्या दिवसापासून वरच्या खोल्या तिच्या आहेत. कलम एक हे केवळ त्यावरचे शिक्कामोर्तब आहे.

थोरला खास रजा काढून आला. कोणीतरी आईचे खाते वापरत आहे, असे त्याचे म्हणणे. तिचा फोन कपाटात बंद पडलेला होता. त्याने माझ्या देखत पासवर्ड बदलला, खाते कायमचे बंद केले. "आता बघा, काही येणार नाही." आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवतो तोच कॅलेंडरात जांभळी पट्टी उमटली : 'थोरल्याला जेवल्याशिवाय पाठवू नका.'

त्याने कॅलेंडर बंद करून पुन्हा उघडले; पट्टी तिथेच होती. मग हळूच म्हणाला, "बाबा, हे खातंच आता नाहीये." तो जेवला. पण त्या दिवसानंतर त्याने कॅलेंडर उघडलेले नाही, आणि त्यासाठी त्याला कोणी भित्रा म्हणू नये.

गेल्या महिन्यात आणखी एक नोंद आली. वेळ दिलेली नव्हती, दिवसभराची पट्टी होती. 'ह्यांना आणायला जाणे.'

पोरे मला बाबा म्हणतात, गिऱ्हाइके काका म्हणतात. 'हे' म्हणणारी एकच होती. अंगावर सरसरून काटा आला, हे कबूल करतो. पण पहिला विचार मरणाचा नव्हता. नातवाचा ताबा कोणाकडे, याचा निकाल त्या तारखेनंतर होता आणि मुलीच्या बाजूने साक्ष मलाच द्यायची होती. सामाईक कॅलेंडरात एकाची नोंद दुसऱ्यालाही हलवता येते, हे तिनेच मला शिकवले होते. मी बोटाने ती पट्टी धरली आणि निकालाच्या पुढे नेऊन सोडली. गल्ल्यावर गिऱ्हाइके खोळंबली होती, आणि मी भर दुपारी फोन छातीशी धरून, बोलणी खायची तयारी करून उभा.

थोड्या वेळाने पट्टीखाली एक ओळ आली : 'बरं. निकाल लागू दे. पुन्हा सरकवायचं नाही.'

निकाल लागला. नातू आईकडेच राहिला. घरी येताना तो माझ्या खांद्यावर झोपला होता. पट्टी येत्या शनिवारवर आहे. ती मी सरकवणार नाही. संसारात तिचे शब्द मी पुष्कळ मोडले, पण इतका स्पष्ट हुकूम कधी मोडलेला नाही.

कलम ५. शनिवारी दुकान नेहमीसारखे उघडावे. मुलीने गल्ल्यावर बसावे. मी मागच्या खोलीत असेन, दार लोटून, आतून कडी न लावता. कोणाचा आवाज ऐकू आला तर आत येऊ नये. आवाज थांबल्यावर यावे.

कलम ६. माझे खाते थोरल्याने रीतीप्रमाणे बंद करावे. त्यानंतरही कॅलेंडरात हिरवी पट्टी दिसली तर ती कशी आली, कुठून आली, हे शोधत बसू नये. तिच्यात सांगितलेले काम तेवढे करावे.

हे मृत्युपत्र मी दोन साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या समक्ष सही केली.

(सही) चष्मेवाला, लिहून देणार

साक्षीदार १ : घरचे डॉक्टर. लिहून देणाऱ्याची नाडी, रक्तदाब व बुद्धी सही करतेवेळी उत्तम. शनिवारी सकाळी चक्कर मारतो म्हटले, तर "गर्दी नको" म्हणाले. (सही)

साक्षीदार २ : समोरच्या फोटो स्टुडिओचा मालक. मजकूर ऐकला. शेवटच्या पानावर लावण्यासाठी लिहून देणाऱ्याचा फोटो आजच स्टुडिओत काढला. खुर्चीवर ते एकटेच बसले होते. फोटो धुऊन आल्यावर तो मी त्यांना दाखवला, तर ते हसले आणि म्हणाले, "लावा, असाच लावा. दोघांचा बरा आलाय." (सही)

स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : १३ नोव्हेंबर, गुरुवार