बाईंचा सूर्य उलटा नव्हता

प्रिय बाई,

जय भीम.

काल दुपारी प्रज्ञाचा फोन आला. मी दुकानात एका पंपाची मोटार उघडून बसलो होतो, हात तेलाने काळे, म्हणून मोबाइल खांद्याने कानाशी दाबून धरला. रविवारी रेवदंड्याला तुमच्या पश्चात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, आणि आपल्या आकाशदर्शनाच्या ग्रुपतर्फे मी दोन शब्द बोलावेत, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. मग तुमच्या लेकीने पुढचं सांगितलं. तुम्ही काढलेली सूर्याची चित्रं विहाराच्या भिंतीला लावणार आहेत. मध्यभागी तो ‘उलटा सूर्य’, कारण ग्रुपवर तो सगळ्यांचा लाडका. खाली मोठ्या अक्षरांत नावही तेच लिहिणार आहेत.

बाई, तुम्ही घरातसुद्धा सांगितलं नव्हतंत?

दोन शब्द लिहायला बसलो तर ‘मनमिळाऊ’, ‘अभ्यासू’ असले शब्द येत राहिले आणि माझी मलाच लाज वाटली. रविवारी माईकसमोर उभं राहण्याआधी तुमच्याशी बोलून घेतो. तुम्ही होतात तेव्हा बोलायला नऊ महिने मिळाले होते. नाही बोललो.

तुम्ही ग्रुपात आलात तो दिवस मला पक्का आठवतो. कुणीतरी हिमालयावर टेकलेल्या भल्याथोरल्या चंद्राचा फोटो टाकला होता आणि मी नेहमीप्रमाणे त्यावर ‘बनावट’ असा शिक्का मारून मोकळा झालो होतो. माझं कामच ते! कोण कुठून काय उचलून टाकेल त्याचा नेम नाही, मग ॲडमिनने डोळ्यांत तेल घालून बसायचं. सगळ्यांनी अंगठे दाखवले. तुम्ही मात्र नवख्या असून विचारलंत, “बनावट आहे हे कसं ओळखलंत, तेही सांगा ना सर, म्हणजे पुढच्या वेळी आम्हाला ओळखता येईल.” मला अर्धा तास खपून उत्तर लिहावं लागलं. तेव्हाच कळायला हवं होतं की ही बाई अवघड जाणार.

आणि ते ‘सर’! बाई, मी मोटारी वाइंड करणारा माणूस. माणगावच्या बाजारात मला विलास म्हणतात, गिऱ्हाईक चिडलं तर ‘ए मिस्त्री’ म्हणतं. ग्रुपात दोनशे माणसं मला सर म्हणत होती. त्यात इंजिनियर होते, एक डॉक्टरही होते. आणि पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलेल्या तुम्हीसुद्धा सर म्हणायला लागलात, तेव्हा मी दोन दिवस तरंगत होतो. माझी बायको वंदना म्हणालीसुद्धा, “सर, जेवायला बसताय की पाट मांडून निमंत्रण देऊ?”

बाकीचे सगळे चंद्र, गुरू, शनीवाले. सूर्यवाले आपण दोघंच. मी दुर्बिणीच्या तोंडाला काळी फिल्टर लावून मोबाइलने फोटो काढायचो. तुमची रीत निराळी. तुम्ही दुर्बिणीत डोळा घालायचाच नाहीत. मागे खोका ठेवायचा, खोक्यात पांढरा कागद, आणि त्यावर पडलेल्या सूर्याच्या बिंबातले डाग पेन्सिलने गिरवायचे. गोल काढायला बिस्किटांच्या डब्याचं झाकण! असं पाडलेलं बिंब डावं-उजवं उलटं येतं, म्हणून तुम्ही तो कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून पुन्हा सुलटा उतरवून घ्यायचात. हे सगळं सकाळी नऊच्या सुमारास, अंगणात, शेजारच्यांचे बोंबील वाळत घातलेले असताना. एकदा तुम्ही लिहिलं होतंत, आज सूर्यावर एक डाग जास्त दिसला, तो माशी निघाला. आम्ही किती हसलो होतो.

आता त्या बुधवारचं.

फेब्रुवारी होता. सूर्याच्या कडेशी एक जबरदस्त डाग आला होता. मी फोटो टाकला, डाग डाव्या कडेला. दहा मिनिटांत तुमचं चित्र आलं, डाग उजव्या कडेला. डावीकडे म्हणजे डाग नुकताच उगवलेला, पुढे बारा-तेरा दिवस दिसणार. उजवीकडे म्हणजे निघालेला, दोन-तीन दिवसांत सूर्याच्या पलीकडे जाणार. आणि रविवारी चौलच्या शाळेत मुलांना हाच डाग दाखवायचं ठरलं होतं. ती शाळाही तुम्हीच मिळवून दिली होतीत, तिथे आठ वर्षं शिकवलं होतंत म्हणून.

मी ग्रुपावर भलंमोठं प्रवचन झोडलं. कागदावर पाडलेलं बिंब उलटं असतं, बाई ते सुलटं करायला विसरल्या, वयोमानाने होतं असं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वयोमानाने! आज वाचलं तरी कानशिलं तापतात. तेवढ्यावर अलिबागच्या नितीनने ‘बाईंचा उलटा सूर्य’ असं लिहून हसरे चेहरे टाकले, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

तुम्ही वाद घातला नाहीत. मला एकट्याला निरोप पाठवलात, की मला वाटतं डाग शनिवारच्या आत जाईल, मुलांना शुक्रवारीच दाखवायचा का, मी हेडमास्तरांशी बोलते. मी काय लिहिलं ते तुमच्या मोबाइलमध्ये अजून असेल. ‘बाई, निर्धास्त राहा.’

संध्याकाळी दुर्बीण पेटीत घालायला गेलो आणि पाहिलं तर शेपटाला डायगोनल लावलेला. तो कोपरासारखा वाकडा तुकडा, आत आरसा असलेला. एरवी मी तो लावत नाही. त्या दिवशी मान धरली होती, वाकवत नव्हतं, म्हणून लावला आणि तसाच मोबाइल टेकवून फोटो काढला. आरशातून फोटो! उलटा सूर्य माझा होता बाई. उपग्रहाने काढलेला त्या दिवशीचा सूर्य नेटवर उघडून पाहिला. डाग उजवीकडे, तुम्ही पेन्सिलने टिंब दिलं होतंत नेमका तिथे.

एक ओळ लिहायची होती. ‘माझी चूक, बाई बरोबर.’ चार शब्द! मी ते टाइप केले, बघत बसलो, आणि पुसले. कारण उद्यापासून मला सर कोण म्हणणार? इतका हलका माणूस आहे मी, तुम्हाला ठाऊक असावं.

गुरुवारी, शुक्रवारी फोटो टाकलेच नाहीत. ढग आहेत म्हणालो. फेब्रुवारीत माणगावात ढग! तिकडे रेवदंड्यात तुम्ही कोरड्या निळ्या आभाळाखाली चित्र काढत होतात, आणि एका शब्दाने विचारलं नाहीत की कसले ढग.

शुक्रवारी मुलांना डाग दाखवता आला असता. एवढा मोठा डाग त्या पोरांना पुन्हा कधी दिसेल कोण जाणे. माझ्या अकडीपायी त्यांचा तो दिवस गेला, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

रविवारी सामान व्हॅनमध्ये टाकून रोह्यावरून साळावचा पूल ओलांडून आलो. मैदानात मुलांची ही रांग! आणि सूर्यावर दोन बारीक ठिपके, तेही मला माहीत होते म्हणून दिसले. एका मुलाचे आजोबा डोळा लावून म्हणाले, “न्हाय वो काय दिसत, नुसता पापड हाय.” सगळे हसले. मी माईक घेतला आणि सांगितलं की मोठा डाग दोन दिवसांत विरून गेला, सूर्यावर असं होतं कधीकधी. शाळेच्या मैदानात, मुलांसमोर, धडधडीत खोटं.

तुम्ही रांगेतच उभ्या होतात, पांढऱ्या साडीत, खांद्याला शबनम. तिच्यातून कागदांची सुरळी बाहेर डोकावत होती. बुधवार ते शनिवारची चित्रं होती ना ती? डाग कडेकडे सरकत सरकत कसा नाहीसा झाला ते दाखवणारी? तुमचा नंबर आला. मान न वाकवता तुम्ही डोळा लावलात, मग त्या डायगोनलवर बोट ठेवून मला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालात, “सोय चांगली आहे रे विलास. पण हा आरसा डावं-उजवं बदलतो, नाही का?”

मी म्हटलं, “हो बाई, थोडंफार.”

“आरसा थोडंफार बदलत नाही,” तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या मुलीला जागा करून दिलीत.

सुरळी पिशवीतच राहिली. का, बाई? का नाही काढलीत बाहेर? एक चित्र त्या फळ्यावर टाचणीने लावलं असतंत तर माझं पितळ तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. मी दोन दिवस तोंड लपवलं असतं आणि मग मोकळा झालो असतो. मला राग येतो तुमचा. येतो, खरंच सांगतो. तुम्ही मला वर्गातल्या पोरासारखं सोडून दिलंत, की बघू, आपलं गणित आपण तपासतो का. मी नाही तपासलं. त्या दिवसापासून तुम्ही मला सर म्हणायचं तेवढं बंद केलंत. विलास म्हणायला लागलात. मला वाटलं माया वाढली. वाढली होतीच बहुतेक, पण एवढंच नव्हतं ते.

दोन आठवड्यांनी तोच डाग सूर्याला वळसा घालून परत उगवला, डाव्या कडेला. तुम्ही मला चित्र पाठवलंत, खाली ‘आला बघ’ एवढंच. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ग्रुपावर चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर तुम्ही ग्रुपात फार कमी बोलायचात. पण अवकाशातल्या दुर्बिणीने काढलेल्या तेजोमेघांच्या फोटोंवरून भांडण पेटलं, की हे रंग खरे की नंतर भरलेले, तेव्हा तुम्हीच ते मिटवलंत. खरा रंग म्हणजे कुणाच्या डोळ्याला खरा, एवढंच विचारलंत. कुणी मधूनच उलट्या सूर्याची आठवण काढली की तुम्हीही हसरा चेहरा टाकायचात. तो चेहरा दिसला की माझं जेवण कडू व्हायचं. तरी मी जेवायचो.

चित्र मात्र मला रोज येत राहिलं. पावसाळ्यात नुसता गोल आणि आत ‘ढग’. तुमचे ढग खरे असायचे. शेवटचं चित्रही नऊ वाजून दहा मिनिटांनी आलं. प्रज्ञा सांगत होती, ते पाठवून तुम्ही अंगणातून आत आलात, पाणी मागितलंत, आणि पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ते चित्र दुपारी उघडलं. हात जोडून पाठवले. तुम्ही गेल्याला तेव्हा चार तास झाले होते.

काल रात्रभर तळमळलो. सकाळी वंदनाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती समजूत घालेल. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “मग त्या मुलीला फोन करा. मला सांगून काय उपयोग?”

केला, बाई. दुकान उघडायच्या आधी, शटरपाशी उभं राहून केला. डायगोनल, ढग, चौलचं मैदान, सगळं सांगितलं. मग प्रज्ञा म्हणाली, “काका, आम्ही घरात चिडवायचो आईला. माझी मुलं तिला उलटी आजी म्हणायची.” मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, मला सांगू नका, रविवारी उभे राहाल तेव्हा माझ्या मुलांकडे बघून सांगा. चित्र मध्यभागीच लावते, खालची जागा कोरी ठेवते. नाव तुम्ही येऊन लिहा.

बरं म्हटलं.

उलटी आजी. नऊ महिने तुम्ही हे नातवंडांच्या तोंडून ऐकलंत आणि हसलात. माझ्यासाठी. मी कोण लागत होतो तुमचा?

बाई, आता ऐका. ग्रुपावर आजच टाकतो, माझा फोटो आणि तुमचं चित्र शेजारी शेजारी, म्हणजे रविवारी कुणाला नवल वाटायला नको. चौलच्या हेडमास्तरांना फोन करून ठेवला आहे. ज्या वर्गांना खोटं सांगितलं त्यांच्यासमोर उभा राहीन, आणि डाग विरला नव्हता, तो कसा गेला हे तुमच्या चार कागदांवरून दाखवीन. रविवारी पहिल्या रांगेत तुमची नातवंडं बसलेली असतील. ‘आदरणीय’ आणि ‘दुःखद’ म्हणायच्या आधी मी त्यांना सांगेन, की तुमची आजी बरोबर होती आणि मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. मग मार्करने चित्राखाली लिहीन: सूर्य, बुधवार, सकाळी नऊ. आणि तुमचं पूर्ण नाव.

तुमचा,
विलास