तू सांगशील तसं

द्वारका, नवी दिल्ली
२ ऑगस्ट २०२१

ती. सुनंदाकाकूस,
रेवतीचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. पोस्टात तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला उत्तराचा उशीर किती खटकतो ते मला ठाऊक आहे. पण हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, आणि कागदावर उतरवायचा धीर होत नव्हता. सुरुवातीला सवयीने 'ती. सौ.' लिहून बसले. तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला.

इकडे आम्ही ठीक. उन्मेषचं ऑफिस अजून घरूनच चालतं, दिवसभर आमच्या बेडरूममध्ये मोठमोठ्याने बोलत असतो. मागच्या रविवारी मयूर विहारला जाऊन आले. खिडक्या उघडून तुझ्या फ्लॅटमध्ये जरा हवा खेळू दिली, नळ सोडून बघितले. तुझ्या कुंड्या शेजारच्या मीनाक्षीबाई सांभाळतायत, त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय. पुण्यात करमतंय का तुला? चिन्मय म्हणाला, आई सकाळपासून गॅलरीत बसून असते, कोणाशी फारसं बोलत नाही.

तू लिहिलं आहेस की आजारातून उठून तुला तीन महिने होत आले, चिन्मय लस घे म्हणून मागे लागलाय, पण तुझं मन होत नाही. 'हे गेले, आता माझ्या जिवाला काय जपायचं? आणि घ्यायचीच तर रेवती सांगेल तेव्हा घेईन. दुसऱ्या कोणाचं मला खरं वाटत नाही.' हे मी कितीतरी वेळा वाचलं. त्याचं उत्तर देतेच, पण आधी थोडं इकडचं लिहू दे.

आमच्या युनिव्हर्सिटीचं तर विचारूच नकोस. माझं काम क्षयरोगावर, हे तुला माहीत आहे. सहा वर्षं पेशंटकडून गोळा केलेले नमुने फ्रीझरमध्ये होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये चार तासांच्या नोटिसीवर लॅबला कुलूप लागलं आणि मे महिन्यात उघडलं ते कोरोनाच्या तपासण्यांसाठी. फ्रीझर रिकामे करायला सांगितले. अर्धे नमुने गेले. माझी विद्यार्थिनी तनया, जिचा प्रबंध त्या नमुन्यांवर उभा होता, ती सव्वा वर्ष नाकातले बोळे तपासतेय. तिने मला एकदाच विचारलं, "मॅम, मेरी थीसिस का क्या होगा?" मी म्हटलं, बघू. क्षयाचे पेशंट कुठे गेले, ते कोणी बघत नाही. ग्रँट हवी तर अर्जात कोरोना हा शब्द घाला, असं आमचे डीन सरळ सांगतात.

शिवाय गेल्या वर्षी घाईघाईने छापलेले शोधनिबंध महिन्याभरात मागे घेतलेले मी पाहिले. मोठमोठी नावं, यार, लाज वाटावी अशी. तेव्हापासून मी एक नियम करून टाकला की पूर्ण आकडे बघितल्याशिवाय कशालाही हो म्हणायचं नाही. एका चॅनेलवाल्याने लशीबद्दल फोन करून विचारलं, "मॅडम, हां या ना?" मी म्हटलं, असं एका शब्दात सांगता येत नाही. तो वैतागला. मला माझ्या उत्तराचा अभिमान वाटला, काकू. बाकी सगळे वाहवत गेले, मी नाही.

तू दोनदा लिहिलं आहेस की चूक तुझी झाली. मार्चमध्ये काकांनी लस पुढे ढकलली, 'नंतर बघू' म्हणाले आणि तू हट्ट धरला नाहीस. उलट 'तुम्ही घ्याल तेव्हाच मी' म्हणून बसून राहिलीस. चिन्मय त्यांच्याशी फोनवर भांडला, तरी ते हलले नाहीत. इंजेक्शनला घाबरायचे ते, असं तू लिहितेस.

काका इंजेक्शनला घाबरत नव्हते. त्यांनी मला विचारलं होतं.

सात मार्चला, रविवारी सकाळी फोन आला. सोसायटीत नावनोंदणीचं टेबल लागलं होतं, ते आधार कार्ड खिशात घालून तिथेच खाली उभे होते. "रेवा, बिल्कुल सरळ सांग. घेऊ का? इथे जो तो वेगळंच काही सांगतोय." तेव्हा तिथे मिळणाऱ्या लशीचे आकडे बातम्यांत आले होते, पूर्ण अभ्यास छापून यायचा होता. मी म्हटलं, काका, तुम्ही तसेही घराबाहेर पडत नाही, रोगही दिल्लीत उतरलाय. महिना-दीड महिना थांबा, नीट आकडे येऊ देत. ते म्हणाले, "चलो, तू म्हणतेस तर थांबतो." आणि वर गेले. मी काय सांगितलं ते त्यांनी तुला सांगितलं नाही, चिन्मयलाही नाही. का, ते मला माहीत नाही. माझं नाव भांडणात यायला नको, म्हणून असेल.

अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर या पत्राला अर्थ नाही.

त्या सकाळी माझा दंड सुजलेला होता. आदल्याच दिवशी मी दुसरा डोस घेतला होता. तपासणी करणाऱ्या लॅबमधल्या सगळ्यांची नावं यादीत होती. पहिला फेब्रुवारीत घेतला, तीच लस, तेच अपुरे आकडे. रांगेत उभी राहिले आणि बाही वर केली. क्षणभरही विचार केला नाही, कारण स्वतःपुरतं मला कळत होतं की घ्यायला हवी. काकांशी मात्र मी शोधनिबंध तपासायला बसल्यासारखी बोलले. मी घेतली का, असं त्यांनी विचारलंच नाही. मी स्वतः जे करते तेच त्यांना सांगेन, हे ते धरूनच चालले होते.

पुढचं तुला माहीत आहे. सतरा एप्रिलला काकांना ताप. नमुना माझ्याच लॅबमध्ये आला, तनयाने फोन करून सांगितलं आणि रडायला लागली. मी दोन दिवस फोन करत होते. ज्यांच्याबरोबर शिकले ते डॉक्टर, ज्यांना शिकवलं ते डॉक्टर. एकही बेड मिळाला नाही. शेवटी उन्मेषने गाझियाबादचं ते नर्सिंग होम शोधलं. तू घरी एकटी तापाने फणफणलेली, आणि फोनवर मला सांगत होतीस, "तू आहेस ना, मग मला काळजी नाही." तेव्हाच सांगायला हवं होतं. सव्वीस तारखेला ते गेल्यावर सांगायला हवं होतं. चिन्मय समोर बसून म्हणाला, बाबांचा हट्ट नडला. आणि मी मान खाली घालून चहा पीत राहिले.

लस घेतली असती तर काका वाचले असते का? माहीत नाही, काकू. बहुतेक वाचले असते. माझ्याकडे आजही एवढंच उत्तर आहे आणि मला त्याची चीड येते.

शहाण्णव साली एम.एस्सी.ला दिल्लीत आले तेव्हा तुम्ही दोघांनी मला तुमच्या दोन खोल्यांच्या घरात ठेवून घेतलं. आल्यागेल्याला काका सांगायचे, "ही आमची सायंटिस्ट." चिन्मयपेक्षा माझं जास्त ऐकायचे.

आता माझी पंचाईत बघ. हे सांगितलं नसतं तर तू माझ्या एका शब्दावर उद्याच्या उद्या जाऊन लस घेतली असतीस. आणि मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली असतीस. सांगितलं, तर माझ्या शब्दाला किंमत राहत नाही, तेही नेमकं तुला त्याची गरज असताना. बारा दिवस याच्यातच गेले. दोन्ही साधेल असं मला काही सुचलं नाही.

लस घे, काकू. चूक तुझी नव्हती, माझी होती. माझं ऐकावंसं वाटणार नाही, ते मला कळतं. मग चिन्मयच्या ओळखीच्या डॉक्टरांना विचार, माझं नाव काढू नकोस आणि ते म्हणतील तसं कर. हे पत्र चिन्मयला वाचायला दे. मला उत्तर लिहू नकोस हवं तर. फक्त लस घेतलीस की त्याला एका ओळीने कळवायला सांग.

आशीर्वाद मागत नाही.

रेवती