सेंटर हाफ भागी आणि दाजींची मोडी पत्रं

चामराजपेठ, बेंगळूर
१२ ऑगस्ट १९६२

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा विश्वासराव याचा साष्टांग दंडवत.

संडूरच्या हवेनं आपल्या गुडघ्यांना उतार पडला असेल आणि अक्कानं आपल्या पथ्यावर करडी नजर ठेवली असेल, अशी आशा आहे. इकडे सर्व कुशल आहे. पत्र जरा बसून वाचावं आणि शक्यतो जेवण झाल्यावर वाचावं, ही विनंती.

दाजी, चार वर्षांपूर्वी आपली भाग्यलक्ष्मी कॉलेजसाठी आमच्याकडे आली, तेव्हा 'मुलगी संध्याकाळी थोडा व्यायाम करते' असं मी आपल्याला कळवलं होतं. त्या व्यायामाचं नाव हॉकी. वाकड्या काठीनं दगडासारखा टणक चेंडू मारायचा खेळ. भागी त्यात सेंटर हाफ आहे. म्हणजे मैदानाच्या मधोमध राहून मागच्यांना सांभाळायचं, पुढच्यांना पुरवायचं आणि गोल झाला की नाव दुसरीचंच व्हायचं. थोडक्यात, थोरल्या सुनेचं काम. ते ती इतकं चोख करते की पहिल्या वर्षी कॉलेजच्या, दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या आणि तिसऱ्या वर्षी म्हैसूर राज्याच्या संघात गेली. (मी दर वेळी आपल्याला 'व्यायाम वाढला आहे' असं लिहीत होतो. आठवत असेल.)

पहिल्या सामन्याला अडचण आली ती कपड्यांची. मुली गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट घालतात हे ऐकून आमच्या सौ. जमनानं पदर तोंडाला लावला. मग तोडही तिनंच काढली. आपल्या बायका कासोटा घालून घोड्यावर बसत होत्या, त्यांना हॉकी जड जाणार आहे का, म्हणाली, आणि भागीला नऊवारी नेसवून मैदानात पाठवलं. पळणं झकास झालं. पण उत्तरार्धात चेंडू निऱ्यांत शिरला तो बाहेरच येईना. भागी थांबते कुठली! चेंडूसकट पळत सुटली ती थेट गोलात. पंचबाईंनी शिट्टी फुंकली, पण चेंडू काढायचा कुणी? शेवटी जमनानं मैदानात जाऊन साडी झटकली, तेव्हा चेंडू, एक सेफ्टी पिन आणि लिमलेटच्या दोन गोळ्या खाली पडल्या. गोल दिला नाही. (माझ्या मते द्यायला हवा होता. मी तसं पंचबाईंना मराठीत, कानडीत आणि स्वल्प इंग्रजीतही सांगून पाहिलं.) तेव्हापासून स्कर्ट. तोही जमनानंच शिवला, चार बोटं लांब ठेवून.

पुढे विद्यापीठाचा संघ मद्रासला निघाला, तेव्हा प्रत्येक घरानं मुलीबरोबर आपापला पालक जोडून दिला. मुली तेरा आणि पालक सतरा! बाकांवर आम्ही बसलो आणि मुली ट्रंकांवर. गोलकीपर गंगव्वाच्या आईनं धारवाडहून मिरचीचं लोणचं दिलं होतं. ते मुलींना बाधेल म्हणून आम्ही वाटेत स्वतःच संपवलं. सामन्याच्या सकाळी मुली ठणठणीत आणि नऊ पालक पोट धरून आडवे. (त्यांत मी होतो, हे जमना आपल्याला कधीतरी सांगेलच.) भागीनं आम्हा सगळ्यांना ताक पाजलं आणि मग जाऊन सामना जिंकला.

आता खरी बातमी. भागीची निवड भारताच्या संघात झाली आहे. पुढच्या महिन्यात कोलंबोला सिलोनच्या मुलींशी सामने आहेत. हे लिहिताना माझा ऊर भरून आला आहे, ते लपवत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. ती मैदानात पळते तेव्हा मी कडेनं पळतो, पन्नासाव्या वर्षी, धोतर सावरत. लोक हसतात. हसू देत.

अक्काला नमस्कार. रागवायचं ते माझ्यावर रागवावं, मुलीवर नको.

आपल्या रागाला पात्र, तरीही आपलाच,
विश्वासराव

ता. क. सोबत एक अर्ज आहे. खाली फुली केली आहे तिथे वडिलांची सही हवी, आणि ती पंचवीस तारखेच्या आत इथे पोचायला हवी. आपल्याला त्रास नको म्हणून आपली सही मीच करून पाहिली होती. चांगली जमलीही होती. भागीनं अर्ज फाडून दुसरा आणला. म्हणते, आबांचीच सही हवी, नाहीतर मी जाणार नाही.

ता. क. २. आणखी एक कबुली. आपली पत्रं मोडीत असतात आणि भागीला मोडी येत नाही, म्हणून ती मी वाचून दाखवतो. आपण दर पत्रात 'मुलीचा खोकला कसा आहे' एवढंच विचारता. ते ऐकून पोरीचा चेहरा उतरे. म्हणून एकदा पदरचं 'शाब्बास' घातलं. पुढे हात सैल सुटला. चार वर्षांत आपण हॉकीतले मोठे जाणकार झाला आहात, दाजी. मागच्या पत्रात आपण लिहिलंत, 'पुष्कळ शिकली, दसऱ्याला आणून सोडावी.' ते मी 'डावीकडे चेंडू द्यायला उशीर करतेस' असं वाचलं. तिनं आठवडाभर डावीकडेच सराव केला आणि परसातली खिडकी फोडली. तेव्हा सहीबरोबर हॉकीबद्दल दोन शब्द लिहावेत, म्हणजे मी उघडा पडणार नाही. हे पत्रही मोडीतच आहे, त्यामुळे काळजी नाही. पाकीट चिकटवून टपालात टाकायला तिच्याकडेच देतो आहे.

(याखाली वेगळ्या, जपून काढलेल्या मोडी अक्षरांत:)

आबा, नमस्कार. मला दोन वर्षांपासून मोडी येते. तुमची पत्रं स्वतः वाचावीत म्हणून शेजारच्या विठाबाईंच्या सासऱ्यांकडून शिकले. 'शाब्बास' कुठे लिहिलंय ते पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. खोकला मात्र प्रत्येक पत्रात सापडला. चार वर्षांत मला तो एकदाही झाला नाही, तरी तुम्ही विचारता. मला ते आवडतं. मामांना यातलं काही कळवू नका, त्यांना वाचून दाखवायला फार आवडतं. आणि डावीकडे मी खरंच कमी पडत होते.

दसऱ्याचंही मी वाचलंय. तरी विचारते, आबा, मी कोलंबोला जाऊ का? नको म्हणायचं असेल तर तसं सरळ लिहा. मामा ते 'जा' असंच वाचून दाखवतील. मी मात्र तुम्ही लिहिलेलं वाचीन, आणि तेच करीन.

तुमची,
भागी